सोयरीक, सवत आणि साष्टी : पेशव्यांच्या घरातील दांपत्ये

पेशव्यांच्या घराण्यात सोयरीक जुळवताना पत्रिकेइतकेच वजन सावकारीला आणि सुभेदारीला असे. मोहिमा कर्जावर चालत, फौजेचा पगार थकलेला असे, आणि रोकड हाताशी असलेला सासरा किंवा मेहुणा हा तोफखान्याइतकाच उपयोगाचा. पहिल्या बाजीरावाची पत्नी काशीबाई ही चासकर जोशांची मुलगी. भीमेकाठच्या चास गावी स्थिरावलेले हे घराणे मूळचे कोकणातले. तिचे वडील महादजी कृष्ण जोशी मोठे सावकार होते आणि मोगलांच्या अमदानीत कल्याणची सुभेदारीही त्यांच्याकडे होती. कल्याण म्हणजे उल्हास खाडीवरचे बंदर, आणि घाटांतून उतरणाऱ्या मालाचे जकातीचे ठिकाण. त्या ठिकाणचा मुलूख, माणसे आणि हुंड्यांचा व्यवहार ज्याला ठाऊक, त्याच्या घरची मुलगी पेशव्यांच्या घरात आली. बाजीरावाच्या दोन्ही बहिणींची लग्नेही याच विचाराने झाली. भिऊबाई बारामतीच्या जोशी सावकारांकडे गेली, अनुबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे. पुढे बाजीरावाचा मुलगा नानासाहेब याच्यासाठी वाईच्या रास्त्यांची गोपिकाबाई आली, रास्तेही सावकारच.

कल्याणचे नाव मराठी मनात एका वेगळ्या सुभेदाराशी जोडलेले आहे. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले, तेव्हा आबाजी सोनदेवाने सुभेदाराची सून त्यांच्यापुढे आणली आणि महाराजांनी तिला सन्मानाने परत पाठवले, ही कथा शाळेपासून सर्वांना पाठ असते. समकालीन कागदपत्रांत तिला आधार मिळत नाही. महाराजांच्या चारित्र्याविषयी लोकांना जे मनापासून वाटत होते, ते त्या कथेत साठले आहे. वसई घेतल्यावर बाजीरावाचा भाऊ चिमाजीअप्पा याने पोर्तुगीज किल्लेदाराची बायको अशीच परत पाठवली, असेही सांगतात. कल्याणच्या सुभेदाराची ती सून कथेत अमर झाली. कल्याणच्या सुभेदाराची मुलगी, जी खरोखर होती, जिचा नवरा, मुलगे आणि नातू यांनी शंभर वर्षांचा इतिहास घडवला आणि मोडला, तिचे कल्याणशी असलेले नाते मात्र कल्याणकरांनाही फारसे ठाऊक नसते.

त्या काळच्या लग्नाची चौकट आधी लक्षात घ्यायला हवी. ब्राह्मण घरांत मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षापर्यंत होई, अनेकदा त्याहूनही आधी. गोपिकाबाई १७३० मध्ये लग्न होऊन आली तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती. मुलगी सासरी वाढे, सासूच्या हाताखाली तयार होई, आणि नवरा वर्षातले आठ महिने मोहिमेवर असे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत, त्या पावसाळ्याच्या तोंडाशी परतत. दांपत्याचा सहवास चातुर्मासापुरता. पुरुषाला एकाहून अधिक लग्ने करता येत, आणि त्याखेरीज सरदारांच्या घरी नाटकशाळा असत. हा शब्द नाट्यगृहाचा नव्हे. गाणे-नाचणे येणाऱ्या आणि धन्याच्या आश्रयाने राहणाऱ्या स्त्रियांना पेशवाईत हेच नाव होते. त्यांच्या खर्चाच्या नेमणुका हिशेबाच्या वहीत उघड लिहिल्या जात. त्यांच्या मुलांना लेकावळे म्हणत. त्यांना पोटापुरते उत्पन्न मिळे, गादीवर हक्क नसे. म्हणजे पुरुषाचे बाहेरचे संबंध हे गुपित नव्हतेच. घर पेटत असे ते त्यातल्या एखाद्या संबंधाला पत्नीपणाचा मान मिळू लागला की.

याच काळात फ्रान्सच्या दरबारात जे चालले होते, ते पाहिले की हा फरक अधिक स्पष्ट होतो. व्हर्सायच्या राजवाड्यात राजाच्या प्रियेला अधिकृत स्थान होते. पंधराव्या लुईच्या दरबारी १७४५ पासून मादाम द पाँपादूर अशी वावरली की मंत्री तिच्या शब्दाने चढत आणि उतरत. चौदाव्या लुईने मादाम द माँतेस्पाँपासून झालेल्या मुलांना औरस ठरवले आणि १७१४ मध्ये त्यांना वारसाहक्काच्या रांगेतही बसवले. तो मेल्यावर तीन वर्षांच्या आत तो हक्क काढून घेण्यात आला. राणी वारल्यानंतर त्याच लुईने मादाम द मँतेनोंशी लग्न केले, ते मात्र गुपचूप, कारण ती राजकुळातली नव्हती. म्हणजे तिथे प्रिया उघड आणि पत्नी गुप्त, असाही प्रसंग येई. फ्रेंच उमराव घराण्यांची आणखी एक सवय होती : लिहिण्याची. मादाम द सेव्हिन्ये मुलीला पत्रे लिही, सेंट सिमोन आठवणींचे खंडच्या खंड लिही. १६७८ मध्ये मादाम द लाफायेतची एक कादंबरी निघाली. तिच्यातली विवाहित उमरावीण आपले मन दुसऱ्यावर जडल्याचे स्वतः नवऱ्याला सांगते, आणि नवरा मत्सराने झुरून मरतो. बायकोने असे सांगावे की सांगू नये, हा प्रश्न तेव्हाच्या एका नियतकालिकाने वाचकांपुढे ठेवला आणि पत्रांचा पाऊस पडला. पुण्यात असे काही शक्य नव्हते. शनिवारवाड्यातल्या कोणत्याही स्त्रीने आठवणी लिहिलेल्या नाहीत. पेशवे दफ्तरात लाखो कागद आहेत, गो. स. सरदेसायांनी त्यांतून निवडलेले पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात छापले गेले. त्यांत घोड्यांचे दाणे आहेत, तोफांचे गोळे आहेत, मुंजीचे आहेर आहेत. नवराबायकोचे मन शोधायचे तर ते आजारपणाच्या चौकशीत, खर्चाच्या नोंदीत आणि घरातल्या पुरुषांनी एकमेकांना लिहिलेल्या काळजीच्या पत्रांत शोधावे लागते.

मस्तानीचे प्रकरण त्याच पत्रांतून कळते. १७२९ मध्ये महंमदखान बंगशाने बुंदेलखंडाच्या छत्रसालाला जैतपूरच्या बाजूला कोंडले होते. बाजीराव मदतीला धावला, बंगशाला हटवले, आणि छत्रसालाने त्याला राज्याचा तिसरा हिस्सा दिला. मस्तानी ही छत्रसालाची मुसलमान उपस्त्रीपासून झालेली मुलगी, अशी परंपरा आहे. ती पुण्यास आली. १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. वाड्याच्या एका दरवाजाला मस्तानीचे नाव मिळाले. पाबळची जहागीर तिला लावून दिली. १७३४ हे वर्ष या घराच्या इतिहासात विसरता येणार नाही : त्याच वर्षी काशीबाईला रघुनाथराव झाला आणि त्याच वर्षी मस्तानीला समशेर बहाद्दर. एका बापाचे दोन मुलगे, एकाच वयाचे. एकाची मुंज होणार होती, दुसऱ्याची नाही. समशेरचे नाव कृष्णराव ठेवून त्यालाही ब्राह्मणांत घ्यावे, अशी बाजीरावाची इच्छा होती आणि पुण्याच्या ब्रह्मवृंदाने नकार दिला, असे परंपरा सांगते.

नाटकांनी आणि चित्रपटांनी या कथेत दोन सवतींचे भांडण रंगवले. पत्रांतले भांडण दुसऱ्याच लोकांचे आहे. मस्तानीला अडवणारे, कोंडणारे, तिच्यावर पहारे बसवणारे हे बाजीरावाचा भाऊ चिमाजीअप्पा आणि मुलगा नानासाहेब. त्यांच्या पाठीशी आई राधाबाई. काशीबाईने मस्तानीचा छळ केल्याचे समकालीन पत्रे सांगत नाहीत. मत्सर असेलच तर तो तिने कागदावर उमटू दिला नाही. घराची खरी भीती वेगळी होती. रघुनाथरावाची मुंज आणि चिमाजीचा मुलगा सदाशिवराव याचे लग्न फेब्रुवारी १७४० मध्ये ठरले होते, आणि बाजीराव तिथे असेल तर कार्याला उभे राहणार नाही, अशी ब्राह्मणांची भूमिका होती. मांसाहार, मद्य आणि मुसलमान स्त्रीशी सहवास हे आरोप होते. देशभर ज्याच्या घोड्यांच्या टापा ऐकून सुभेदार पळत, त्याला स्वतःच्या मुलाच्या मुंजीत जागा नव्हती.

१७३९ च्या अखेरीस मस्तानी पुण्यातल्या पहाऱ्यातून निसटली आणि पाटसला बाजीरावाकडे पोहोचली. तिला पुन्हा परत पाठवावे लागले, आणि बाजीराव निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याविरुद्धच्या मोहिमेवर गेल्यावर घरच्यांनी तिला कैदेत टाकले. छत्रपती शाहू महाराजांना हे पसंत नव्हते. जानेवारी १७४० मध्ये त्यांच्या वतीने गोविंदराव चिटणिसाने चिमाजीला जे कळवले त्याचा आशय असा, की तिला बळाने अडवू नये, बाजीरावाचे मन दुखवू नये. हा दोष बाहेरच्या उपायाने जाणारा नाही, त्याचे त्याला कळेल तेव्हाच जाईल. साताऱ्याच्या छत्रपतीने दाखवलेले हे शहाणपण पुण्यातल्या सख्ख्या माणसांना दाखवता आले नाही. नासिरजंगाशी तह झाल्यावर दोघे भाऊ वेगळे झाले, बाजीराव नर्मदेकडे, चिमाजी कोकणाकडे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात चिमाजीने नानासाहेबाला लिहिले, की निघाल्यापासून रावाचे पत्र नाही, त्याचे विस्कटलेले मन सावरायचा आपण पुष्कळ प्रयत्न केला, आता पुण्यास परतल्यावर मस्तानीला त्याच्याकडे पाठवून द्यावे. वसई घेणारा, ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून काढणारा हा कठोर माणूस इथे पुरता हरलेला दिसतो. ती पाठवणी झाली नाही. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे बाजीराव तापाने वारला. जवळ काशीबाई होती. मस्तानीही त्याच सुमारास गेली. विषप्राशनाच्या आणि सती जाण्याच्या कथा नंतर रचल्या गेल्या. पाबळला तिची कबर आहे. त्याच डिसेंबरात चिमाजीअप्पाही गेला.

समशेर बहाद्दर पेशव्यांच्या घरातच वाढला. पानिपतावर तो भावांच्या बरोबरीने लढला, जबर जखमी होऊन जाटांच्या मुलखात पोहोचला आणि तिथे मेला. त्याच्या मुलाने, अली बहाद्दराने, बुंदेलखंडात बांद्याची नबाबी उभी केली, आणि त्या वंशातला नबाब १८५७ मध्ये झाशीच्या राणीच्या बाजूने उभा राहिला. काशीबाई १७४२ च्या सुमारास काशीयात्रेला गेली, चासला तिने सोमेश्वराचे देऊळ बांधवले, आणि १७५८ मध्ये वारली.

नानासाहेब आणि गोपिकाबाई यांच्यात तिसरी व्यक्ती आली ती अगदी वेगळ्या वेळी. डिसेंबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊची फौज पानिपतावर उपाशी अडकलेली असताना मदतीला निघालेल्या नानासाहेबाने वाटेत पैठणला वाखरे घराण्यातल्या राधाबाई नावाच्या लहान मुलीशी लग्न केले. या लग्नात गेलेले दिवस इतिहासकारांनी त्याला माफ केलेले नाहीत, आणि ते योग्यच आहे. १४ जानेवारीला पानिपत झाले, थोरला मुलगा विश्वासराव तिथे पडला, आणि २३ जून १७६१ रोजी नानासाहेब पर्वतीवर वारला. गोपिकाबाई त्यानंतर सत्तावीस वर्षे जगली. धाकटी जाऊ आनंदीबाई आणि दीर रघुनाथराव यांच्याविषयी तिच्या मनात कायम संशय होता. मुलगा माधवराव याच्याशीही माहेरच्या माणसांवरून बिनसले आणि ती नाशिकजवळ गंगापूरला राहायला गेली. नातू सवाई माधवराव याला तिने दिनचर्येचा आणि वागणुकीचा जो उपदेश लिहून पाठवला, तो पेशव्यांच्या घरातल्या स्त्रीचा स्वतःचा आवाज ऐकू येण्याच्या फार थोड्या जागांपैकी एक आहे. त्यात प्रेमाचे शब्द कमी आणि दक्षतेचे जास्त आहेत. तीन मुलगे गमावलेल्या आजीचे ते पत्र आहे.

सदाशिवरावभाऊची दुसरी पत्नी पार्वतीबाई ही पेणच्या कोल्हटकरांची. ती पानिपतापर्यंत नवऱ्याबरोबर गेली होती आणि पराभवाच्या धुमाळीतून तिला वाचवून दक्षिणेत आणले गेले. भाऊचे धड सापडले, शिर सापडले, अशा बातम्या आल्या. पार्वतीबाईने त्या मानल्या नाहीत. तिने कुंकू पुसले नाही, केशवपन केले नाही. त्या समाजात हा निर्णय किती मोठा होता, हे आज चटकन समजणार नाही. विधवा ठरली तर तिचे कपडे, जेवण, सणावारातली जागा, वाड्यातला मान सगळे एका दिवसात बदलले असते. आणि ती सौभाग्यवती राहिली तर सरकारला, निदान मुत्सद्द्यांच्या वहीत, भाऊसाहेब हा जिवंत असू शकणारा माणूस मानावा लागत होता. एका बाईच्या कपाळावरचे कुंकू हा राज्याचा प्रश्न झाला.

त्या प्रश्नात एक तोतया शिरला. सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण आपण भाऊ असल्याचे सांगू लागला. थोरल्या माधवरावाच्या कारकिर्दीत चौकशी होऊन तो खोटा ठरला आणि किल्ल्यावर कैदेत पडला. माधवराव गेला, त्याचा धाकटा भाऊ नारायणराव मारला गेला, राज्यात फूट पडली, तेव्हा १७७६ मध्ये रत्नागिरीचा रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला बाहेर काढले. कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती गेले, हजारो माणसे जमली, बंड घाटाच्या पायथ्याशी येऊन ठेपले. जमलेल्या माणसांत सगळेच फसलेले नव्हते. पुष्कळांना भाऊ परत यायला हवा होता. पानिपतावर घरटी माणूस गमावलेल्या देशात मेलेला माणूस परत येण्याची आशा ही एकट्या पार्वतीबाईची नव्हती. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी तोतयाचा पराभव केला, समुद्रमार्गे पळताना तो राघोजी आंग्र्याच्या हाती लागला, आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी १९१३ मध्ये यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. फ्रान्समध्ये १५६० साली मार्तां गेर नावाच्या शेतकऱ्याच्या तोतयाचा खटला तुलूजच्या न्यायालयात चालला होता. तो तोतया काही वर्षे खऱ्याच्या बायकोबरोबर राहिला, आणि शेवटी खरा नवरा लाकडी पायाने चालत न्यायालयात आला. पार्वतीबाईचा खरा नवरा आला नाही. १७८३ मध्ये ती सौभाग्यवती म्हणूनच वारली.

थोरला माधवराव आणि रमाबाई यांच्याविषयी पुराव्यापेक्षा आदर जास्त शिल्लक आहे. माधवराव क्षयाने झिजत गेला आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारला; रमाबाई त्याच्याबरोबर सती गेली. त्यांना मूल नव्हते, दुसरे लग्न झाले नाही. रणजित देसाई यांच्या १९६२ मधल्या ‘स्वामी’ कादंबरीने या जोडप्याला जो चेहरा दिला, तोच आज मराठी वाचकांच्या मनात आहे. मूल नसल्याने गादी धाकट्या भावाकडे गेली, आणि पुढचे सगळे त्यातून निघाले.

नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांच्या हातून मारला गेला. त्या दिवशी तो काका रघुनाथरावाच्या कमरेला मिठी मारून ओरडत होता, असे सांगतात. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोष रघुनाथरावावर ठेवला. लोकांनी मात्र दोष त्याची बायको आनंदीबाई हिच्यावर ठेवला. गारद्यांना दिलेल्या हुकमाच्या पत्रातल्या धरावे या शब्दाचे मारावे तिने केले, ध चा मा केला, ही गोष्ट मराठीत म्हण होऊन बसली. ते दुरुस्त केलेले पत्र कधी सापडले नाही. कृ. प्र. खाडिलकरांचे १९०९ मधले ‘भाऊबंदकी’ नाटक शेक्सपियरच्या लेडी मॅकबेथची आठवण करून देते, आणि शंभर वर्षे रंगभूमीवर आनंदीबाई तशीच उभी राहिली. ही ओकांची मुलगी रघुनाथरावाची दुसरी बायको. पहिली जानकीबाई १७५५ मध्ये वारली होती. कैदेत, पळापळीत आनंदीबाई पुष्कळदा नवऱ्याबरोबर राहिली. नवऱ्याच्या महत्त्वाकांक्षेत बायकोचा वाटा किती, हे ठरवणे कठीण असते, आणि तेवढ्यामुळेच सगळा वाटा तिच्या माथी मारणे सोपे जाते. खुनाच्या हुकमाचा शेवट पुरुषांकडे होता. कागदोपत्री पुरावा आहे तो त्यांच्याविरुद्ध.

नारायणरावाची बायको गंगाबाई त्या वेळी गरोदर होती. साठ्यांची ही मुलगी तेव्हा पोरवयातच होती, आणि तिच्या उदरावर राज्य लटकलेले होते. मुलगा झाला तर रघुनाथरावाचा हक्क संपणार, मुलगी झाली किंवा मूल वाचले नाही तर तोच पेशवा. नाना फडणीस, सखारामबापू आणि इतर कारभारी, ज्यांना बारभाई म्हणत, त्यांनी जानेवारी १७७४ मध्ये तिला पुरंदर किल्ल्यावर नेले. सोबत पार्वतीबाई होती. गंगाबाईबरोबर आणखी गरोदर ब्राह्मण बायका गडावर ठेवल्या आहेत, वेळ पडली तर मूल बदलणार आहेत, अशी वदंता उठली आणि मुंबईच्या इंग्रजांच्या लिखाणापर्यंत पोहोचली. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला. तोच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या मुलाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. मूल नारायणरावाचे नव्हे, हा रघुनाथरावाचा दावा होता, आणि त्याला पुढची काही वर्षे सगळे राजकारण त्यावरच रेटायचे होते. बाळंतिणीच्या खोलीतले सत्य हा युद्धाचा मुद्दा झाला.

इथे या घरच्या भांडणाची किंमत ठाण्याने मोजली. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला होता. मार्च १७३७ मध्ये तो अपुरा असतानाच चिमाजीअप्पाच्या मोहिमेत मराठ्यांनी रात्रीत घेतला, आणि मे १७३९ मध्ये वसई पडल्यावर ठाणे ज्यावर आहे ते साष्टी बेट पक्के हाती आले. पेशव्यांचा सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर याने ठाण्याच्या कौपिनेश्वराचा जीर्णोद्धार केला, कल्याणला सुभेदारीचा थाट उभा राहिला. मुंबईच्या इंग्रजांना साष्टी फार दिवस हवी होती. मुंबईला धान्य, भाजी, लाकूड तिथूनच येई, आणि बेटाचा ताबा म्हणजे मुंबईच्या दाराची किल्ली. पदच्युत रघुनाथराव मदत मागत होता, पण साष्टी द्यायला तयार नव्हता. पोर्तुगीज आरमार ठाणे परत घ्यायला येत असल्याची बातमी आली, तेव्हा इंग्रज थांबले नाहीत. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस जनरल गॉर्डनच्या फौजेने किल्ल्यावर हल्ला करून तो घेतला. आरमाराचा प्रमुख वॉटसन त्या लढाईत कामी आला, किल्ल्यातली मराठी शिबंदी शेवटपर्यंत लढली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १० जानेवारी १७७५ रोजी, नवऱ्याने धारच्या किल्ल्यात मागे ठेवलेल्या आनंदीबाईला मुलगा झाला, तो दुसरा बाजीराव. आणि ६ मार्चला सुरतेच्या तहात रघुनाथरावाने साष्टी व वसई इंग्रजांना लिहून दिली. कल्याणच्या सुभेदाराच्या मुलीच्या मुलाने कल्याणसमोरचे बेट दिले. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत मिळाली, साष्टी मिळाली नाही. ठाणे मराठी राज्यातून गेले ते तेव्हाच, पेशवाई बुडण्याच्या छत्तीस वर्षे आधी.

रघुनाथराव डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावला वारला. आनंदीबाई तेव्हा पुन्हा गरोदर होती. दुसरा मुलगा चिमाजी बाप गेल्यावर जन्मला. तिची उरलेली वर्षे नजरकैदेत, शेवटची नाशिकजवळ आनंदवल्लीला गेली, आणि १७९४ मध्ये ती वारली. मुलगे याच कैदेत वाढले. दुसऱ्या बाजीरावाने पुढे एकामागून एक लग्ने केली, ती वारसासाठी; वारस जगला नाही. त्याच्या दरबारच्या चालीरीतींविषयी इंग्रजांनी पुष्कळ लिहिले. ते वाचताना ते जिंकणाऱ्यांचे लिखाण आहे हे विसरू नये. तरी एक प्रसंग असा आहे, की त्यात लग्न, लज्जा आणि राजकारण यांची गाठ पडली आणि त्या गाठीचे एक टोक पुन्हा ठाण्यात आले.

१८१४ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन जुन्या हिशेबांची तडजोड करायला इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आला. बाजीरावाने त्याला आपलासा करण्यासाठी सोयरीक पुढे केली : आपली मेहुणी शास्त्र्याच्या मुलाला द्यायची. नाशिकला लग्नाची मोठी तयारी सुरू झाली. हिशेबाची तडजोड गायकवाडांना मान्य होईना, तेव्हा शास्त्र्याने लग्न लांबवले. त्यात भर म्हणजे त्याने आपल्या बायकोला वाड्यावर जाऊ दिले नाही. तिथे तिच्या नजरेस जे पडेल ते घरंदाज स्त्रीने पाहण्याजोगे नाही, असे त्याला वाटत होते. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात हे कारण नोंदवले आहे. मोडलेले लग्न एकवेळ विसरले गेले असते. पेशव्याच्या घरी बायकोला न पाठवणे हा अपमान विसरण्याजोगा नव्हता, कारण त्याचा अर्थ सगळ्या पुण्याला कळत होता. जुलै १८१५ मध्ये बाजीरावाबरोबर पंढरपूरला गेलेला शास्त्री विठ्ठलाच्या दर्शनाहून परतताना रस्त्यात मारला गेला. संशय बाजीरावाचा मर्जीतला कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला. इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्याला मागून घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले, त्याच किल्ल्यात जो बाजीरावाच्या बापाच्या भाऊबंदकीत इंग्रजांकडे गेला होता.

पहाऱ्यावर गोरे शिपाई होते, त्यांना मराठी येत नव्हते. किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याचा मोतद्दार घोडा फिरवत, खरारा करत त्रिंबकजीच्या खिडकीखाली गाणी म्हणे. त्या गाण्यांत बेत होता. १२ सप्टेंबर १८१६ च्या पावसाळी रात्री त्रिंबकजी भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटला, खाडी ओलांडून घाटावर गेला आणि माणसे जमवू लागला. त्याला पकडून देण्याच्या मागणीवरून जून १८१७ चा पुण्याचा तह बाजीरावावर लादला गेला, नोव्हेंबरात लढाई जुंपली, आणि जून १८१८ मध्ये बाजीराव शरण येऊन ब्रह्मावर्ताला गेला. त्रिंबकजी त्याच वर्षी पुन्हा पकडला गेला. त्याला परत ठाण्याला आणले, मग गंगेकाठच्या चुनारगडावर पाठवले. १८२४ मध्ये बिशप हेबर चुनारला गेला, तेव्हा त्रिंबकजी तिथे कैदेतच होता, आणि ठाण्याच्या मोतद्दाराची हकीकत हेबरने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली. गाण्यात झाडाखाली उभ्या असलेल्या घोड्यांचा आणि त्यांतल्या एका रिकाम्या खोगिराचा हिशेब होता.